माझ्या २१२ प्रश्नावल्या ३०० कशा झाल्या

माध्यमिक शाळांतील शिक्षकांवर असणारा कामाचा ताण हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. सोलापूर जिल्ह्यातील शाळांमध्ये स्वतः फिरून मी २१२ प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यांपैकी १०४ अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या आणि १०८ विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांच्या होत्या. पदवीनंतर संख्याशास्त्राशी माझा संबंध सुटला होता, त्यामुळे विश्लेषणाच्या प्रकरणाची मला मनापासून धास्ती वाटत होती. या धास्तीपोटीच माझी फसवणूक झाली. नोकरी सांभाळून पीएचडी करणारे माझ्यासारखे पुष्कळ शिक्षक आहेत, म्हणून ती कशी झाली हे तपशिलाने लिहीत आहे.

आठ दिवसांत एसपीएसएस (संख्याशास्त्रीय विश्लेषणाचे सॉफ्टवेअर), प्रमाणपत्र, सॉफ्टवेअरचे आजीवन लायसन्स आणि निकालाची हमी, अशी एका क्लासची जाहिरात व्हॉट्सॲपवर माझ्यापर्यंत आली. शुल्क १४,५०० रुपये होते आणि ते संस्थेच्या खात्यात नव्हे, तर शिकवणाऱ्या सरांच्या वैयक्तिक क्रमांकावर यूपीआयने भरायचे होते. पावती प्रमाणपत्राबरोबर मिळेल असे सांगण्यात आले; ती आजतागायत मिळालेली नाही. सॉफ्टवेअर म्हणून एक लिंक आली आणि ते बसवण्याआधी लॅपटॉपमधील अँटिव्हायरस बंद करण्याची सूचना मिळाली. ज्या सॉफ्टवेअरसाठी आधी संरक्षण काढून ठेवावे लागते ते चोरीचे असण्याचीच शक्यता अधिक, हे मला तेव्हा कुणी सांगितले असते, तर मी तिथेच थांबले असते. महिन्याभरात ते उघडेनासे झाले आणि सरांनी नव्या लिंकसाठी पुन्हा पैसे मागितले.

शिकवणे म्हणजे कोणत्या मेनूत जाऊन कोणते बटण दाबायचे, एवढेच होते. दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी केली की एसपीएसएस एक आडवा तक्ता देते. त्यात सार्थकतेचा आकडा, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, दोन ठिकाणी असतो; तो ०.०५ पेक्षा कमी असला तर फरक सार्थ मानतात. पहिला आकडा लेव्हीनच्या चाचणीचा असतो. दोन्ही गटांतील गुणांचा पसारा साधारण सारखा आहे का, एवढेच तो सांगतो आणि त्यावरून तक्त्यातील वरची ओळ वाचायची की खालची, हे ठरते. सरासरींमध्ये खरोखर फरक आहे का, याचे उत्तर पुढच्या आकड्यात असते. आम्हाला मात्र पहिलाच आकडा पाहायला शिकवले गेले आणि तो ०.०५ पेक्षा कमी आला की गृहीतक सिद्ध झाले, असे वहीत लिहून घेतले गेले. वर्गातील आम्हा अकरा जणांपैकी एकालाही हे चुकीचे असल्याची शंका आली नाही.

शेवटच्या दिवशी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता? डेटा पाठवा, चौथे प्रकरण तयार करून देतो." मी आणखी १२,००० रुपये दिले. माझी चूक इथे सर्वांत मोठी आहे आणि ती मी लपवणार नाही. पंधरा दिवसांत सुबक तक्ते आले, सर्व गृहीतके सिद्ध झालेली होती आणि मी ते प्रकरण माझ्या मार्गदर्शकांना दिले.

त्यांनी दोन पाने वाचली आणि पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल केला. तो आकडा २९८ होता, आणि त्या स्तंभावर डिग्रीज ऑफ फ्रीडम असे लिहिलेले होते. "तुमचे शिक्षक किती?" त्यांनी विचारले. मी २१२ म्हणाले. दोन स्वतंत्र गटांच्या साध्या टी-चाचणीत हा आकडा एकूण व्यक्तींमधून दोन वजा करून येतो, म्हणजे माझ्या बाबतीत तो २१० यायला हवा होता. २९८ याचा अर्थ माणसे ३००. मला उत्तर देता आले नाही.

मूळ डेटा फाइल द्यायला सर आठवडाभर टाळाटाळ करत राहिले. विद्यापीठाकडे जाईन असे म्हटल्यावर ती आली. नवव्या ओळीत ५७ वर्षे वयाच्या आणि ३३ वर्षे नोकरी झालेल्या एका शिक्षिकेची उत्तरे होती. त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून मी ती भरून घेतली होती. २२१व्या ओळीत त्याच बाई, तेच वय, तीच उत्तरे. माझ्या पहिल्या ८८ ओळी शेवटी पुन्हा चिकटवल्या होत्या आणि शाळेचा प्रकार काही ओळींत बदलून दोन्ही गट १५०-१५० केले होते. त्या शिक्षकांनी शाळा सुटल्यावर थांबून, विश्वासाने दिलेल्या उत्तरांचे असे झालेले पाहून मला जी शरम वाटली, ती पैशांच्या दुःखापेक्षा मोठी होती.

त्यानंतर मी जॅमोव्ही हे विश्लेषणाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरायला शिकले. ते विनामूल्य आहे आणि एसपीएसएसची फाइलही उघडते. पीएसपीपी, जास्प आणि आर हे पर्यायही विनामूल्यच आहेत. खऱ्या २१२ उत्तरांवर टी-चाचणी केली, तेव्हा दोन गटांतील फरक सार्थ ठरला नाही. आता प्रबंधात तसेच लिहिले आहे आणि मार्गदर्शकांनी ते स्वीकारले आहे.

पैसे परत मिळाले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, परंतु पावती नसल्यामुळे माझ्या हातात यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण एवढाच पुरावा आहे. म्हणून असे संभाषण कुणीही पुसून टाकू नये. आपले विश्लेषण दुसऱ्याने केले असेल, तर डेटा फाइल आजच मागून घ्यावी आणि तिच्यातील ओळी आपल्या प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्याशी एकेक करून ताडून पाहाव्यात. त्या क्लासची नवी तुकडी पुढच्या महिन्यात सुरू होत आहे आणि तिच्या जाहिरातीत निकालाची हमी हे शब्द आजही तसेच आहेत.