बीएलडीसी पंखा छान आहे, पण रिमोट चालत नसेल तर आधी खोलीतला दिवा बघा

हा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, पंखा घेऊन सहा महिने झाले, आता लिहितेय. हवा मस्त लागते, आवाज जवळपास नाहीच, आणि बॉक्सवर 28 वॅट लिहिलंय, आमचा जुना 75 वॅटचा होता. आईच्या खोलीत लावलाय, तिचे गुडघे दुखतात, सारखं उठायला नको म्हणून तर रिमोटवाला घेतला.

आणि नेमका रिमोटच नाटकं करायला लागला. दिवसा झकास चालायचा, संध्याकाळी दिवा लावला की पंखा ढिम्म. सेल बदलले. कंप्लेंट केली, माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी अकराला, तेव्हा सगळं व्यवस्थित, "काही प्रॉब्लेम नाही मॅडम" म्हणून कंप्लेंट बंद करून गेला. आई बिचारी संध्याकाळी बटणं दाबत बसायची, मला खरंच वाईट वाटायचं.

शेवटी एका रात्री मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं, टोकाशी जांभळट लुकलुक दिसली, म्हणजे रिमोट ठीक होता. मग लक्ष गेलं पंख्याशेजारच्या होल्डरकडे, तिथे जुना सीएफएल, म्हणजे छोट्या ट्यूबचा वीज वाचवणारा दिवा, होता. स्टुलावर चढून दिवा आणि पंख्याच्या मधे कॅलेंडरचा पुठ्ठा धरला, आईला म्हटलं दाब, आणि पंखा टुक करून सुरू! पुठ्ठा काढला की रिमोट परत चालेना. चार वेळा करून बघितलं.

झालं असं की रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, उजेड सेकंदाला साधारण 38 हजार वेळा उघडझाप करत पाठवतो आणि पंख्यातला सेन्सर तेवढीच लय ओळखतो, पण सीएफएलच्या बुडातलं सर्किटसुद्धा दिव्याला सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवतं, आपल्याला दिसत नाही पण सेन्सरला दिसतं, आणि त्या गोंगाटात रिमोटचं काही ऐकूच येत नाही. दिवा नुकताच लावलेला, गार असताना तर जास्तच, कारण तेव्हा आतल्या अर्गॉन वायूतून इन्फ्रारेड जास्त निघतं.

सीएफएल काढून 9 वॅटचा एलईडी बल्ब लावला, त्या दिवसापासून एकदाही अडलं नाही, आई पलंगावरूनच स्पीड कमीजास्त करते.

पंख्याला चार स्टार. एक कापला तो माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही म्हणून, आणि फोनवर कोणीच विचारलं नाही की ताई, तेव्हा खोलीत कुठला दिवा चालू असतो.