सिट्रोनेला म्हणून गवती चहा गळ्यात मारला: माझे ३,३९,२०० रुपये

आधी आकडा, कारण तो उघड बोलायला मला सहा महिने लागले. तीन लाख एकोणचाळीस हजार दोनशे. नोंदणी १०,२००, ‘प्रशिक्षण’ ६,५००, गवताचे ठोंब ८२,५००, तेल काढायची भट्टी २,४०,०००. सरी, ठिबक, मजुरी यात धरलेली नाही. मी बी.कॉम. आहे, गावातल्या बचत गटाचं दप्तर नऊ वर्षं माझ्याकडे आहे आणि त्यात आजवर रुपयाचा फरक निघालेला नाही. म्हणून लाज जास्त वाटते.

बायबॅकवाले, म्हणजे ‘रोपं आमची घ्या, माल आम्हीच विकत घेऊ’ म्हणणारे, कसे येतात ते नव्याने सांगत नाही. कोरफड झाली, मुसळी झाली, इमू झाले. मंडप तोच, पुलाव तोच, पडद्यावर कोऱ्या ट्रॅक्टरजवळ उभा असलेला शेतकरीही तोच. आमच्या माण तालुक्यात जून २०२४ मध्ये सिट्रोनेला नावाचं तेलाचं सुगंधी गवत आलं, एवढंच.

मी आंधळेपणाने सही केली असं म्हणू नका. रात्र-रात्र वाचलं होतं. जावा सिट्रोनेला, तेलात सिट्रोनेलाल हा वासाचा मुख्य घटक साधारण ३० ते ४५ टक्के, शिवाय जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल; साबणाला, अगरबत्तीला, फरशी पुसायच्या फिनेलला आणि डासांच्या मलमाला लागतं. एकदा लावलं की चार-पाच वर्षं कापणी. सगळं खरं होतं. त्यांचा एरिया मॅनेजर मला ‘ताई’ म्हणायचा. त्याने नमुन्याची छोटी बाटली दिली, तेही अस्सल सिट्रोनेलाच होतं. दारात शिंपडलं, तासाभरात डास परत आले. मी म्हटलं, उडून जाणारं तेल आहे, चालायचंच. (हे खरंच आहे. रात्रभर डास येत नाहीत असं सांगून कुणी हे तेल विकत असेल तर त्यालाही दारातूनच परत पाठवा. आणि नुसतं तेल लेकरांच्या अंगाला चोळू नका, आग होते.) ‘कमी पाण्यात येतं’ हे मात्र तेव्हाच खटकायला हवं होतं. हे गवत खरं रमतं आसामकडच्या पावसात. आमच्याकडे टँकर येतात.

आता तो दिवस. जुलैत ठोंबांचा टेम्पो आला. एकरी १५,००० प्रमाणे दोन एकरांचे ३०,००० ठोंब, दर पावणेतीन रुपये. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी एक पात तोडली, चुरगळली, नाकाला लावली आणि आत जाऊन चहात टाकली. कप हातात घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, “आगं, ह्ये तर आपलं च्याचं गवत हाय की.”

मी काय बोलले ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. “आत्या, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? ही कंपनीची रोपं आहेत.” मॅनेजर शेजारीच उभा होता. हसून म्हणाला, “आजी, दोन्ही एकाच कुळातली, वास सारखाच येणार.” एकाच कुळातली हेही खरंच. पण सिट्रोनेलाचा वास साबणासारखा, उग्र, चहात टाकाल तर घोट उतरणार नाही. बुंधाही तांबूस असतो. माझ्या ३०,००० ठोंबांचे बुंधे पांढरट-हिरवे होते. मी स्वतः मोजून घेतले, प्रत्येक जुडी हातातून गेली. आत्यांना सत्तर वर्षांत चहा कळला, आणि मला मोबाईलवर वाचून सिट्रोनेलाल कळलं होतं.

बिल त्याच दिवशी वाचलं असतं तरी भागलं असतं. त्यावर ‘सुगंधी गवत ठोंब’ एवढंच लिहिलं होतं. ना सिट्रोनेला, ना वाण. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेचे सिट्रोनेलाचे वाण नावानिशी आहेत, मंजूषा, बायो-१३ वगैरे. वाणाचं नाव बिलावर लिहून देत नसेल तर टेम्पोची फळी उघडूच देऊ नका.

भट्टी स्टीलची ठरली होती, आली लोखंडी. “आतून कोटिंग आहे ताई.” डिसेंबरात पहिली कापणी केली. दोन आठवडे रात्रंदिवस भट्टी पेटती ठेवली, कारण भट्टी लहान आणि गवत बांधावर सुकत चाललेलं. पहिलं तेल पडलं आणि लिंबाचा घमघमाट सुटला. मी देवघरातली नमुन्याची बाटली आणली, दोन्ही वास आळीपाळीने घेतले आणि तिथेच मटकन बसले.

तरीही तेल घेऊन पुण्याला गेले. २१ किलो. करारात दर किलोला १,४०० होता. त्यांनी एक किलो ‘तपासणीला’ ठेवून घेतलं आणि आठवड्याने कलम ११ दाखवलं: सिट्रोनेलाल ३२ टक्क्यांच्या खाली असेल तर खरेदी बंधनकारक नाही. वर म्हणतात, तुम्हीच दुसरं गवत मिसळलंत. मी १,८०० रुपये भरून स्वतंत्र तपासणी केली. सिट्रल, म्हणजे गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक, ७० टक्क्यांच्या पुढे, सिट्रोनेलाल नावाला. म्हणजे सरळसरळ गवती चहाचं तेल. त्यालाही गिऱ्हाईक असतं, पण लोखंडाने काळपटलेलं आणि प्लास्टिकच्या कॅनमध्ये महिनाभर पत्र्याखाली राहिलेलं तेल कोण घेणार? एका व्यापाऱ्याने ४५० ने घेतलं, २० किलोचे ९,०००. कॅनचा तळ तोवर मऊ पडला होता. तेल ॲल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवायचं असतं, हे साडेसहा हजारांच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी, “मिस्टरांना घेऊन या.” मिस्टर वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, दोन दिवसांची मजुरी बुडवून आले. मग म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, करार आहे ना, कोर्टात जा. मी म्हटलं चारशे वीस लावा. हवालदार हसले, “ताई, आता चारशे वीस राहिलं नाही, तीनशे अठरा झालं.” कलमाचा नवा नंबर पाठ, गुन्हा मात्र लिहून घेत नाहीत. चार खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. गुन्हा नोंदवत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो. हे मला ठाण्याबाहेरच्या चहावाल्याने सांगितलं.

कृषी कार्यालयात गेले तर, आमच्याकडे फळरोपवाटिकांचे परवाने असतात, गवताचं आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं? “तक्रार करून ठेवा.” कुठे? “इथेच.” मग घ्या. “साहेब मीटिंगला आहेत.” दुसऱ्या टेबलावरच्या माणसाने तर शहाणपण शिकवलं, “शासनमान्य आहे का ते बघायचं ना आधी.” अहो, मंडपात पाहुणा म्हणून कुणाला बसवलं होतं ते विचारा ना तुमच्या साहेबांना!

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, एवढीच एक गोष्ट सरळ निघाली. तिथे तारीख पडली आहे. पुढची नोव्हेंबरात.

माझ्याच गटातल्या दोघी नोंदणीचे पैसे भरायला निघाल्या होत्या, माझं बघून. त्या वाचल्या. रानात दोन एकर गवती चहा अजून उभा आहे. आत्या रोज सकाळी दोन पाती आणतात आणि मला काही बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात फलक लागला. नाव नवीन, फोन नवीन, ट्रॅक्टरजवळचा शेतकरी तोच. मेळावा रविवारी आहे. आत्यांना विचारलं, येता का? त्या म्हणाल्या, “येते की. किटली घिऊ का संगं?”