कयाकमध्ये जोर मोजायचाय? पॅडलचा पॉवर मीटर की एर्गो

स्प्रिंट कयाकिंग सिरियसली करणाऱ्या एकट्या खेळाडूसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर पॅडलच्या दांड्यात बसणारा पॉवर मीटर घ्या, माझं मत सरळ आहे. पण एर्गोचीही (म्हणजे जमिनीवर बसून दोरी ओढत पॅडल मारायचा सराव करायचं यंत्र) बाजू आहे, ती बघूनच ठरवा.

नुसत्या जीपीएस घड्याळात वेग दिसतो, जोर नाही. वारा पाठीमागून असला की सगळेच भारी वाटतात. त्यात पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी पॉवर घनाने, म्हणजे वेग 10 टक्के वाढवायला पॉवर जवळपास 33 टक्के जास्त लागते, त्यामुळे पोरगं ताकदीत चांगलं सुधारलं तरी घड्याळात फरक थोडासाच दिसतो आणि ते खट्टू होतं.

पॉवर मीटरमध्ये दांड्यावर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. ओढलं की दांडा किंचित वाकतो, गेजचा रोध बदलतो, त्यावरून न्यूटनमध्ये आकडा निघतो. डावा-उजवा वेगळा दिसतो, आणि ग्राफ उघडला की पातं पाण्यात गेल्या गेल्या जोर येतोय की अर्धा स्ट्रोक संपल्यावर, ते लगेच कळतं. कोचसाठी हे सोनं आहे! फक्त गेज दोन हातांच्या मध्ये असतील तर पकड थोडी सरकली तरी आकडा बदलतो, म्हणून पकडीच्या जागी टेप लावाच. अधूनमधून दांडा त्याच दोन जागी धरून पात्याच्या मध्यावर 10 किलो टांगून बघा, साधारण 98 न्यूटन यायला हवेत. आणि हो, स्ट्रोकच्या शेवटी पाणी वर उचललं तरी दांडा वाकतोच, बोट मात्र पुढे जात नाही, तेव्हा वेगाचा आकडा शेजारी ठेवूनच वाचा.

एर्गोवर वारा नाही, लाट नाही, सगळ्यांची टेस्ट सारखी. फूटबारला (पाय टेकवायच्या दांडीला) सेन्सर लावून पायाचा जोर बघणंही तिथे सोपं, आणि कोच शेजारी उभा राहून तिथल्या तिथे सांगू शकतो. पण बोट डुगडुगत नाही, विंग पातं (पंखासारखं वळलेलं पातं) पाण्यात बाहेरच्या बाजूला सरकत जातं तेही नाही, नुसती दोरी ओढायची. म्हणून एर्गोचे वॅट आणि पाण्यावरचे वॅट एकमेकांशी लावत बसू नका.

क्लबमध्ये दहा-पंधरा पोरं असतील तर मात्र मी आधी एर्गो घेईन, कारण पॅडलची लांबी आणि पकड प्रत्येकाची वेगळी, एकाच्या मापाने सेट केलेला मीटर दुसऱ्याच्या हातात दिला की परत सगळं सेटिंग आलं.