ईस्टवुडची सुरुवात कुठून: ‘अनफर्गिव्हन’ की ‘मिलियन डॉलर बेबी’?

हॉलिवूडचा नट-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड पहिल्यांदाच बघायचाय म्हटलं की गाडी या दोन नावांवर अडते. लांबी जवळपास सारखीच, सव्वादोन तासांच्या जरा आत. ऑस्करही चार-चार, सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन दोघांकडे आहेत. म्हणजे पुरस्कार मोजून काही ठरत नाही.

‘अनफर्गिव्हन’ला (१९९२) थोडी पूर्वतयारी लागते. दिग्दर्शक सर्जिओ लिओनीच्या वेस्टर्नमधला (काउबॉयपटांमधला) अचूक नेमबाज ईस्टवुड डोक्यात असेल, तरच इथला उतारवयातला विल्यम मनी (ईस्टवुडचंच पात्र) पिस्तुलाने साधा डबा चुकवत राहतो आणि शेवटी शॉटगन आणून तो उडवतो, हे बोचतं. नाहीतर पहिला तास नुसता रेंगाळल्यासारखा वाटतो.

‘मिलियन डॉलर बेबी’ला (२००४) असलं काही लागत नाही, बॉक्सिंगचे नियमही माहीत नसले तरी चालतं. चेहरे अर्धे अंधारात ठेवणारं टॉम स्टर्नचं छायाचित्रण, ईस्टवुडचंच मोजकं संगीत. मात्र शेवटचा भाग फार जड आहे. जिंकणाऱ्या खेळाडूची गोष्ट समजून मुलांना घेऊन बसू नका.

नट आणि दिग्दर्शक दोन्ही समजून घ्यायचे असतील, तर आधी एखादा लिओनी, मग ‘अनफर्गिव्हन’. एकच बघणार असाल, तर ‘बेबी’.