फ्रीस्टाइल लिब्रे: इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी दंडावर सेन्सर लावावा का?

ॲबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे, म्हणजे दंडावर चिकटवून साखर सतत मोजणारा सेन्सर, मुळात मधुमेहींसाठी. आता तो मधुमेह नसलेल्यांच्या दंडावरही दिसतो. फास्टिंग इन्सुलिन वाढलेलं आलं, मानेमागची त्वचा काळवंडली, पीसीओएसचं (स्त्रियांमधल्या संप्रेरकांच्या बिघाडाचं) निदान झालं किंवा पोट काही केल्या आत जाईना, की कोणीतरी सुचवतंच: ‘सेन्सर लाव, काय खाल्ल्यावर काय होतं ते कळेल.’ कळतं, पण अर्धंच. ते अर्धं कोणतं हे ठाऊक नसेल, तर पाच हजारांच्या आसपास खर्च करून माणूस चुकीचं जेवायला शिकतो.

सेन्सर ग्लुकोज मोजतो. इन्सुलिन मोजत नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्याच्या सुरुवातीच्या काही वर्षांत स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतून साखर आटोक्यात ठेवतं, म्हणजे बिघाड असतो पण साखरेत दिसत नाही. दोन माणसं घ्या, दोघांची उपाशीपोटी साखर ९५. एकाचं फास्टिंग इन्सुलिन ६, दुसऱ्याचं १५. साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५ हे होमा-आयआरचं, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणाऱ्या आकड्याचं, साधं सूत्र. आकडा जितका मोठा तितका बिघाड जास्त. पहिल्याचा आकडा येतो १.४, दुसऱ्याचा ३.५. सेन्सरच्या आलेखात मात्र दोघांच्या साखरेच्या रेषा जवळजवळ सारख्या दिसू शकतात. म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी फास्टिंग इन्सुलिन, फास्टिंग साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्यावं. इन्सुलिनची चाचणी पुढच्या वेळीही त्याच लॅबमध्ये करावी, कारण लॅबगणिक पद्धत बदलते आणि आकडेही.

दुसरा घोटाळा याहून वाईट. रेषा सपाट ठेवणं हेच ध्येय झालं की लोक चीज, लोणी आणि मूठमूठ काजूंवर येतात. रेषा खरोखर सपाट होते, फोनवर सगळं हिरवं दिसतं, आणि वजन मात्र महिन्याला किलोभर चढतं. जास्तीच्या कॅलरी यकृतात चरबी बनून साठतात, आणि इन्सुलिनला दाद न देण्याचं मूळ बरंचसं तिथेच असतं. फळांच्या रसातलं फ्रुक्टोज रक्तातलं ग्लुकोज फारसं वाढवत नाही, पण त्याचा भार यकृतावरच पडतो. दूध आणि व्हे प्रोटीन साखर थोडी आणि इन्सुलिन बरंच वाढवतात. दारू तर कधीकधी रेषा खालीच आणते. या सगळ्यांना सेन्सर शाबासकी देतो!

आता वस्तूकडे. दहाच्या नाण्याहून थोडी मोठी, पाच मिलिमीटर जाडीची चकती दंडाच्या मागच्या बाजूला बसते. तिच्याखालचा केसासारखा तंतू सुमारे पाच मिलिमीटर आत जातो. लावताना टिचकी मारल्यासारखं वाटतं, त्याहून जास्त नाही. सुरू झाल्यावर पहिला तास आकडे येत नाहीत. त्यानंतर १४ दिवस चालतो. जुन्या प्रकारात फोन जवळ नेऊन स्कॅन करावं लागतं, आणि सेन्सरची आठवण फक्त आठ तासांची. रात्री दहाला स्कॅन करून सकाळी सातला उठलात तर पहिला तास पुसला गेला. झोपायच्या अगदी आधी आणि उठल्याबरोबर, असे दोन स्कॅन चुकवू नयेत. नवा लिब्रे २ प्लस १५ दिवस चालतो आणि आकडे आपोआप फोनवर पाठवतो. परवडत असेल तर तोच घ्या, नुसत्या या एका कटकटीसाठी.

लावण्याची जागा साध्या साबणाने धुवा, मॉइश्चरायझर असलेला साबण नको. मग स्पिरिटचा बोळा, आणि पूर्ण सुकू द्या. ओल्या त्वचेवर लावलेला सेन्सर तिसऱ्या दिवशी सुटतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत त्याआधीच. कडेने पारदर्शक वैद्यकीय चिकटपट्टी लावावी, पण मधलं बारीक छिद्र झाकू नये. ज्या कुशीवर झोपता तो दंड टाळा. झोपेत चकतीवर भार पडला की आकडा खोटाच खाली जातो आणि पहाटे तीनला ५५ बघून घरभर धावपळ होते. अशा वेळी कूस बदलून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, शंका राहिली तर बोटाला टोचून खात्री करा. घाम, थरथर, छातीत धडधड असेल तर मात्र आकड्यांचा वाद न घालता साखर घ्या.

अचूकतेबद्दल तक्रारी वाचायला मिळतात, त्यातल्या बऱ्याच गैरसमजाच्या आहेत. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असते, आणि साखर झपाट्याने वर जात असताना ग्लुकोमीटरशी फरक पडणारच. शिवाय सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास चूक गृहीतच धरलेली आहे. ९८ आणि १०६ यांत फरक शोधत बसू नका. पहिल्या दिवसाचे आकडे वहीत घेऊ नका. आणि सर्दीसाठी चघळायची ५०० मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सी गोळी चालू असेल तर आधी बंद करा, तिने आकडे खोटे चढू शकतात.

मग या १४ दिवसांत करायचं काय? पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, नेहमीचा चहा, नेहमीचा डबा. चौथ्या दिवसापासून एकच पदार्थ धरून प्रयोग करा. उदाहरणार्थ पोहे. कोरडे ६० ग्रॅम वजन करून घ्या, अंदाजे वाटीने नको. त्यात कर्बोदकं साधारण ४५ ग्रॅम. एक दिवस नुसते पोहे. एक दिवस आधी वाटीभर मोडाची उसळ किंवा दोन अंडी, दहा मिनिटांनी तेवढेच पोहे. एक दिवस नुसते पोहे, पण खाऊन झाल्यावर १५ मिनिटं चालणं. प्रत्येक प्रकार दोनदा करा, कारण तोच पदार्थ त्याच माणसाला वेगळ्या दिवशी वेगळा आकडा दाखवतो. अपुरी झोप, ताप, पाळीच्या आधीचे दिवस, आदल्या संध्याकाळचा व्यायाम, सगळं त्यात मिसळतं. एकदाच करून ‘मला पोहे चालत नाहीत’ असा निकाल देणं हा या प्रयोगातला सर्वांत मोठा गाढवपणा.

वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: खाण्याआधीचा आकडा, सर्वांत वरचा आकडा, आणि मूळ पातळीला परत यायला लागलेली मिनिटं. बहुतेकांचा कळस ४५ ते ७५ मिनिटांत येतो, त्यामुळे थेट दोन तासांनी स्कॅन करणाऱ्याला फक्त उतार दिसतो. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर थोडा वेळ १४० ओलांडू शकते, त्याने घाबरायचं कारण नाही. तीन तास झाले तरी रेषा खाली बसत नसेल तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं. सकाळी काही न खाता आकडा चढतो तेही अनेकांना कोडं वाटतं. पहाटेच्या संप्रेरकांनी यकृत साखर सोडतं, म्हणून. जोर-बैठका किंवा जोरकस धावल्यावरही काही वेळ चढतो. ती साखर स्नायूंसाठीच आलेली असते, त्यामुळे हे पाहून व्यायाम सोडू नये.

सेन्सर खरा कामाला येतो तो घरातल्या समजुती तपासायला. ज्वारीची भाकरी हलकी, तिने शुगर वाढत नाही, हे सगळ्यांचं पाठ. पण ज्वारीचं पीठ काय, गव्हाचं काय, १०० ग्रॅममागे कर्बोदकं साधारण ६५ ते ७० ग्रॅमच्या घरात. एक दणदणीत भाकरी म्हणजे दोन-तीन फुलके. भाकरी जरूर खा, पण अर्धी, आणि सोबत पिठलं किंवा उसळ भरपूर. साबुदाण्याच्या खिचडीची रेषा एकदा बघाच. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, दाण्याच्या कुटाने थोडा लगाम लागतो इतकंच. गुळाचा चहा साखरेच्या चहाइतकाच चढतो. पाच कप, दर कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर. आणि ‘मल्टिग्रेन’ पिठाच्या पाकिटावर घटकांचे टक्के वाचा. पहिलं नाव बहुधा गव्हाचंच असतं.

यातून शिकण्यासारखी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे जेवणानंतरचं चालणं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो, आणि व्यायामानंतर दिवसभर, कधी दोन दिवस, तो इन्सुलिनला जास्त दाद देतो. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये. आठवड्याला १५० मिनिटं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम: बैठका, भिंतीला टेकून जोर, जिने, वजनं. जेवून लगेच आडवं होणारा माणूस आणि तेच जेवून वीस मिनिटं गच्चीवर फिरणारा माणूस, यांच्या रेषांतला फरक एकदा पाहिला की शतपावलीचा आळस बराच कमी होतो.

वजनाच्या बाबतीत मात्र सेन्सर मुका आहे, आणि खरं काम तिथेच होतं. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. आठवड्याला अर्धा किलो धरला तर अडीच-तीन महिने. एवढ्यासाठी महिन्याला दोन सेन्सर लावत बसायची गरज नाही.

‘पण मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तेव्हा आपल्याकडे काट्याबरोबर टेप लागतेच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, सकाळी मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०, त्यापुढे धोका. पन्नास रुपयांची शिंप्याची टेप या कामात पाच हजारांच्या चकतीला भारी पडते.

म्हणून निकाल असा. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या, मधुमेह नसलेल्या माणसाने एक सेन्सर घ्यावा, प्रयोग करावेत आणि काढून टाकावा. वर्षभराच्या पॅकेजमध्ये सेन्सर, ॲप आणि आहारतज्ज्ञ एकत्र विकणाऱ्यांकडे आधी विचारा की फास्टिंग इन्सुलिन पुन्हा कधी तपासणार. उत्तर ‘ॲपमध्ये स्कोअर येतो’ असं आलं तर पैसे वाचवा. बजेट कमी असेल तर साधा ग्लुकोमीटर आणि २५-३० पट्ट्या पुरतात: खाण्याआधी एक, बरोबर तासाने एक. रेषा मिळत नाही, पण पोह्यांचा प्रयोग तोच होतो.

इन्सुलिनचं इंजेक्शन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी हे प्रयोग आपल्या मनाने करू नयेत. कर्बोदकं एकदम कमी केली आणि गोळी तीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाते. खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल तर सेन्सर नकोच. दर घासाला फोन बघणं अशा माणसाला महागात पडतं.

घेण्याआधी खोक्यावरची मुदत बघा, आणि फोनमध्ये एनएफसी (फोन जवळ नेऊन सेन्सर स्कॅन करायची सोय) आहे का तेही. दुकानदार सुटलेला सेन्सर परत घेत नाही. सुटला तर चकतीसकट कंपनीच्या हेल्पलाइनला कळवा, फेकून देऊ नका. अप्लिकेटरमध्ये सुई असते, तो थेट कचऱ्यात न टाकता झाकणाच्या जाड डब्यात बंद करून टाका. आणि पंधरवड्यानंतर चकती ओढून काढण्याआधी कडेने खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, कातडी सोलवटत नाही.