बर्बन काउंटी स्टाउट: १४ टक्क्यांची काळी बिअर, संभाजीनगरच्या थंडीत

आधीच सांगतो, ही बिअर आपल्याकडं पितात तशी एकदम चिल्ड करून प्यायची नाही, आणि एकट्यानं आख्खी बाटली संपवायची तर अजिबात नाही. एवढं पाळलं तर शिकागोच्या गूज आयलंड कंपनीची बर्बन काउंटी स्टाउट ही मी आजवर प्यालेल्या सगळ्या बिअरमधी एक नंबर, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहायलोय.

भाचा शिकागोला असतो, डिसेंबरमधी सुट्टीला आला तवा सामानात घेऊन आला, परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते त्यात बसवून. अर्ध्या लिटरची बाटली, त्यावर अल्कोहोलचा आकडा १४ टक्क्यांच्या वर. आपल्याकडच्या बिअर शॉपीत असला आकडा दिसणारच नाही, कारण आपल्या एफएसएसएआयच्या (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नियमात बिअर ८ टक्क्यांपर्यंतच असते, ५ च्या वर गेली की तिला स्ट्राँग म्हणायचं. आता हिशोब लावा. आपली ६५० मिलीची ८ टक्केवाली बाटली घेतली तर त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ५२ मिली, आणि ह्या छोट्या दिसणाऱ्या ५०० मिलीत ७० मिली. म्हणून चौघांत वाटायची, माणशी सव्वाशे मिली, म्हणजे ४० मिली व्हिस्की घेतल्यासारखं झालं. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही, बिअरच तर आहे म्हणून तर बिलकुल नाही.

आमचे दाजी वाळूजला बिअरच्या कारखान्यात होते, आता रिटायर झालेत, त्यांची सगळी नोकरी जायकवाडीच्या पाण्यावर बनणाऱ्या लागर बिअरमधी (आपली नेहमीची पिवळी, गार प्यायची बिअर) गेली. त्यामुळं बाटली टेबलावर आली की त्यांचं पहिलं वाक्य पोराला, "अरे फ्रीजरमधी टाक की आधी." भाचा म्हणला, "नाही पप्पा, ही जरा कोमट लागते, दहा-पंधरा मिनिटं फ्रीजच्या बाहेर राहू द्या." दाजींना पटलं नाही पण गप बसले. आणि खरं कारण आहे त्याला. एकदम गार पेयाचा वास कमी उठतो आणि जिभेलाही चव कमी कळते, हलक्या लागरला ते चालतं कारण तिथं गारवाच पाहिजे असतो, इथं मात्र वासातच अर्धा माल आहे. १२-१३ डिग्रीच्या आसपास ही बिअर सगळ्यात चांगली लागते, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गच्चीवर साधारण तेवढंच असतं, म्हणजे मराठवाड्याचा हिवाळा हिच्यासाठी फिट आहे. एप्रिल-मे मधी कुणी आणून दिली तर दम धरा, कपाटात अंधारात उभी ठेवा, खराब होत नाही लगेच, उलट काही वर्षं ठेवली तर दारूचा तिखटपणा बसतो म्हणतात.

आता हा एवढा खटाटोप कशासाठी ते. स्टाउट म्हणजे करपेपर्यंत भाजलेल्या जवाच्या दाण्यांनी काळी होणारी बिअर, आणि त्यातली जड आणि कडक जात म्हणजे इम्पीरियल स्टाउट, १८ व्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारात जायची तीच. शिकागोवाल्यांनी त्याला बर्बनचं, म्हणजे मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीचं पिंप जोडलं. अमेरिकेत कायदाच असा आहे की बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवायची, एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही. मग अशी २०० लिटरची रिकामी पिंपं ढिगानं पडतात, आणि त्यांच्या लाकडात काही लिटर व्हिस्की मुरलेली असते. त्यात स्टाउट भरून वर्षभराच्या आसपास ठेवली की ती व्हिस्की बिअरमधी उतरते, जळलेल्या लाकडातून व्हॅनिला उतरतो, ओकच्या लाकडातल्या लॅक्टोन नावाच्या घटकामुळं ओल्या खोबऱ्याचा वास येतो, आणि थंडी-उन्हाळ्यात लाकूड बिअर आत ओढून बाहेर सोडत राहतं. गूज आयलंड जॉन हॉल यांनी १९८८ ला सुरू केलं, त्यांचा मुलगा ग्रेग हॉल तवा तिथं ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा मुख्य माणूस होता, त्याची जिम बीम ह्या बर्बन कंपनीच्या बुकर नो यांच्याशी जेवणाच्या टेबलावर गाठ पडली आणि नव्वदच्या दशकात पहिली पिंपं मिळाली. आज अशी पिंपात मुरवलेली (बॅरल-एज्ड) स्टाउट जगभर बनते, पण ही वाट मोठी केली ती ह्या बिअरनं. २०११ ला कंपनी एबी इनबेव्ह ह्या मोठ्या बिअर कंपनीच्या आन्हायझर-बुशनं विकत घेतली, आणि आपल्याकडची हेवर्ड्स ५००० पण आज त्याच एबी इनबेव्हची आहे, म्हणजे एकाच घरात दोन टोकं.

दाजींना हे सगळं ऐकून एकच गोष्ट अडली, "लाकूड धुऊन निर्जंतुक होत नाही, मग माल आंबत कसा नाही?" कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न आहे हा, आणि बरोबर जागी बोट ठेवलं त्यांनी. २०१५ च्या मालात खरंच लॅक्टोबॅसिलस (दूध आंबवणाऱ्या जातीचा जिवाणू) शिरला होता, बाटल्या आंबट निघाल्या, कंपनीनं लोकांना पैसे परत दिले आणि २०१६ पासून पाश्चराइझ, म्हणजे तापवून जंतू मारायला लागले. मग दाजी म्हणले, आमची टाकी काही आठवड्यांत रिकामी करून परत भरायची घाई असते, इथं माल वर्षभर अडकवून ठेवायचा म्हणल्यावर महाग पडणारच. मला तर वाटतं ह्या बिअरच्या किमतीवर ह्याच्यापेक्षा चांगलं उत्तर कुणी देणार नाही.

ग्लास. उंच मग घेऊ नका, खाली पोट आणि वर तोंड निमुळतं असलेला ब्रँडीचा ग्लास असला तर उत्तम, नसला तर वाईनचा चालतो, वास आत कोंडला पाहिजे एवढंच. ओतताना लक्षात येतं की ही जड आहे, ग्लासच्या काचेवर चिकटून हळू उतरते. रंग पूर्ण काळा, मोबाईलचा टॉर्च मागून धरला तरी पलीकडं काही दिसलं नाही. फेस पातळ, तपकिरी, आणि दोन मिनिटांत गेलेला. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, एवढ्या अल्कोहोलमधी फेस टिकत नाही.

वास घेतला आणि मला थेट गुऱ्हाळावरची कढई आठवली, काकवी उतरायच्या आधी जो दाट, जरासा करपलेला गोड वास सुटतो ना अगदी तो. त्याच्या मागून व्हॅनिला, मग खोबरं, आणि नाक जास्त आत घातलं की व्हिस्की झणकन येते. पहिला घोट छोटा घ्या. आधी गोड, खजूर आणि कोको, मग भाजलेल्या कॉफीचा कडूपणा गोडीला धरून ठेवतो, आणि गिळल्यावर छातीत ऊब उतरते, जळजळ नाही. चव तोंडात लै वेळ राहते, आम्ही एक घोट घेऊन गप्पा मारायचो आणि तरी ती चव असायची. गंमत पुढं आहे, ग्लास हातात धरून अर्ध्या तासानं तीच बिअर वेगळी लागली, व्हिस्की मागं गेली आणि मनुका, चॉकलेट, लाकूड पुढं आलं. दाजी जे फ्रीजर म्हणत होते तेच शेवटाला म्हणले, "आता कुठं लागायलीय ही."

नावं ठेवायची तर एकच, गोडी. दोन घोटांना ती भारी वाटते, पण सव्वाशे मिलीच्या पुढं मला नको झाली असती. ज्यांना कडक, कोरडी, घशात टोचणारी बिअर आवडते त्यांना ही जड जाईल, आमच्या शेजारच्या काकांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला आणि सरळ सांगितलं की हे सरबत झालं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, जिभेची सवय असते.

खायला काय, हे मात्र नीट ठरवा. काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण हिच्याबरोबर घेऊ नका, एवढा अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतो आणि दोन्हीची चव मरते. आम्ही जेवण आधी उरकलं, शहरातून नान खलिया आणला होता, तो बिअरच्या आधीच. मग बिअरबरोबर फक्त भाजलेले शेंगदाणे मीठ लावून, आणि कुंथलगिरीचे पेढे. तो पेढा दाट आटवलेल्या खव्याचा, तपकिरी, गोडी बेताची, आणि ह्या बिअरच्या कॉफीसारख्या कडूपणाला तो असा धरतो की आता मला डार्क चॉकलेटसुद्धा दुसऱ्या नंबरला वाटतं. एक कण पेढा, एक घोट बिअर, असं करून बघा. शेवचिवडा आणि फरसाण बाजूला ठेवा, तेल आणि तिखट दोन्ही नडतं.

घ्यावी का? बाहेरून कुणी येणार असेल आणि विचारलं काय आणू, तर नेहमीच्या व्हिस्कीच्या जागी ही सांगा. तिकडं दर वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी नवी बॅच येते, त्यामुळं डिसेंबरात येणाऱ्या माणसाला ताजी मिळायचा चान्स जास्त. बाटली सामानात टी-शर्टमधी गुंडाळून, पिशवीत बांधून ठेवायला सांगा, फुटली तर सगळे कपडे काळे. माझ्याकडून दहापैकी नऊ, एक मार्क गोडीचा कापला.

भाच्याला पुढच्या वेळी फाउंडर्स कंपनीची केबीएस नावाची स्टाउट आणायला सांगितलीय, मिशिगनची, तीही बर्बनच्या पिंपातली पण कॉफी आणि चॉकलेट घालून केलेली, १२ टक्क्यांच्या आसपास. कॉफीचा कडूपणा जास्त असला तर गोडी आटोक्यात राहील असा माझा अंदाज आहे, आणि दाजींनी पेढे आपण आणतो म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय.