मराठी पुस्तक टेक्स्ट फाईलमधून आपोआप ऑनलाईन: एमडीबुक, एमकेडॉक्स की क्वार्टो?

साध्या टेक्स्ट फाईलमध्ये प्रकरण लिहायचं, गिटहबवर (फाईली आणि त्यांचे बदल जपून ठेवणाऱ्या साईटवर) टाकायचं आणि दोनेक मिनिटांत पुस्तकाची वेबसाईट आपोआप नवी झालेली दिसली पाहिजे, एवढीच अपेक्षा असेल तर आज डझनभर टूल्स ते काम करतात आणि प्रत्येकाचे गोडवे गाणारे व्हिडिओ पण ढिगाने आहेत. फक्त ते सगळे इंग्रजी मजकूर गृहीत धरून बनवलेले असतात. पुस्तक मराठीत असलं की थीम कुठली छान दिसते हा प्रश्न मागे पडतो आणि वेगळेच तीन पुढे येतात, देवनागरीत सर्च चालतो का, मथळ्यांच्या लिंका धड बनतात का, आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं शाबूत राहतात का. म्हणून इथली तुलना याच तिन्हीवर.

आतलं यंत्र सगळ्यांचं जवळपास सारखंच आहे. मजकूर मार्कडाउनमध्ये (जॉन ग्रुबरने 2004 साली आणलेली ती हॅश आणि स्टारवाली पद्धत), प्रकरणांचा क्रम सांगणारी एक छोटी फाईल, आणि गिटहब ॲक्शन्स नावाची सोय जी तुम्ही बदल टाकला की स्वतःच टूल चालवते आणि तयार पानं गिटहब पेजेसवर (गिटहबच्याच वेबसाईट ठेवायच्या जागेवर) चढवते. एकदा बसवलं की फोनच्या ब्राउझरमधूनही एखादी वेलांटी दुरुस्त करता येते, कॉम्प्युटर उघडायची गरज नाही.

आधी एमडीबुक. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचं अधिकृत पुस्तक यावरच चालतं. एकच प्रोग्रॅम उतरवायचा, पायथन वगैरे काही लागत नाही, समरी नावाच्या फाईलमध्ये प्रकरणांची यादी लिहायची की डाव्या बाजूला अनुक्रमणिका हजर, आणि वेग असा की मोठं पुस्तकसुद्धा डोळ्याचं पातं लवेपर्यंत बनतं. फक्त वाचायचं पुस्तक, म्हणजे कथा, आठवणी, प्रवासवर्णन असलं काही असेल तर याचं साधेपण मला सगळ्यात आवडतं. पण सर्च! त्याचा आतला सर्च इंग्रजी अक्षरं धरून शब्द साफ करतो आणि त्या साफसफाईत देवनागरी शब्दच उडून जातो, त्यामुळे वाचक शोधत बसतो आणि हाती काही लागत नाही. असला सर्च सेटिंगमधून सरळ बंद करून टाकावा आणि त्याजागी पेजफाइंड हे सर्चचं वेगळं टूल बसवावं, ते तयार झालेल्या पानांवरून स्वतःची सूची बनवतं आणि देवनागरी शब्द जसेच्या तसे धरतं. तरी मराठीचं दुखणं थोडं उरतंच, 'घर' टाकलं तर 'घराच्या' सापडेल पण 'पाणी' टाकून 'पाण्यात' सापडायचं नाही कारण मूळ शब्दच बदललेला. त्यावर मराठीसाठी आयतं औषध यातल्या कुठल्याच टूलमध्ये नाही.

लिंकांचं म्हणाल तर एमडीबुक मथळ्यातला हलन्त गाळतं. 'प्रस्तावना'ची लिंक 'परसतावना' होते. चालते, पण दिसायला कशीतरीच. मथळ्यापुढे महिरपी कंसात रोमन अक्षरांतलं नाव दिलं की प्रश्न मिटला, आणि फाईलची नावंही रोमनमध्येच ठेवा, नाहीतर लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की देवनागरीच्या एकेका अक्षरामागे टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ कॅरॅक्टर येतात आणि लिंक वीतभर लांब होते.

पीडीएफ एमडीबुक स्वतः बनवत नाही. मात्र वर प्रिंटचं बटण असतं, त्याने अख्खं पुस्तक एका पानात येतं आणि ब्राउझरमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करता येतं. वरवर जुगाड वाटेल पण मराठीसाठी हा मार्ग चक्क चांगला आहे, कारण ब्राउझर जोडाक्षरं नीट जुळवतो. ईपब (फोनवर वाचायच्या ई-पुस्तकाची फाईल) हवं असेल तर मात्र दुसऱ्यांनी लिहिलेली जोडणी शोधावी लागते.

एमकेडॉक्स, त्यातही मटेरियल थीमवालं, दिसायला तिघांत देखणं. ते पायथनवर चालतं आणि मुळात सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकांसाठी आहे, ते जाणवतंही: टॅब, सूचनांच्या रंगीत चौकटी, डार्क मोड, सगळं आहे पण सलग वाचायला बसावं असं पान नाही. पाककृती, हस्तकला, शेतीची माहिती, क्लासच्या नोट्स असं पाहिजे ते काढून बघायचं पुस्तक असेल तर मस्त. लिंकांची गंमत इथे वेगळीच आहे, मूळ सेटिंगमध्ये देवनागरी मथळा पूर्ण पुसला जातो आणि लिंका बनतात अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन अशा. आज कुणाला 'अंडरस्कोर चार' पाठवली आणि उद्या मध्ये एक मथळा घुसवला की तीच लिंक भलत्याच परिच्छेदावर जाते. पायमडाउन एक्स्टेन्शन्समधला युनिकोड चालवणारा स्लगिफाय (मथळ्यावरून लिंक बनवणारा भाग) लावला की हे थांबतं, पण ते पहिल्याच दिवशी करा, लिंका वाटून झाल्यावर नको. सर्चच्या भाषांच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही, आणि हिंदीची प्रत्यय कापायची रीत मराठीला लावून फारसं काही साधत नाही. शिवाय मटेरियलची मूळ टीम आता झेन्सिकल नावाच्या नव्या टूलकडे वळली आहे, त्यामुळे अगदी नवीन सुरुवात करणाऱ्याने हे लक्षात घेऊनच हात घालावा.

क्वार्टो. हे पॉझिट कंपनीचं (आधीची आरस्टुडिओ), आवृत्ती 1.0 आली 2022 मध्ये आणि पोटात पॅनडॉक हे एका प्रकारची फाईल दुसऱ्या प्रकारात बदलणारं टूल बसलेलं आहे, म्हणून त्याच टेक्स्ट फाईलमधून वेबसाईट, पीडीएफ, ईपब आणि वर्ड असं सगळं एकदम निघतं. हे मोठंच आहे. प्रकाशक वर्ड फाईल मागतो, परदेशातली भाची फोनवर ईपब वाचते, घरच्या मोठ्यांना छापून हवं असतं, आणि तुम्ही मजकूर एकाच जागी दुरुस्त करता. सर्चही अक्षरं जुळवून शोधतो, त्यामुळे देवनागरी त्याला वर्ज्य नाही.

किंमत मोजावी लागते ती पीडीएफच्या वेळी. त्याची नेहमीची वाट लेटेकची (छापील पानं जुळवणारं सॉफ्टवेअर), ते जड आहे, गिटहबवर दर वेळी बनायला वेळ खातं, आणि मराठीसाठी झीलेटेक किंवा लुआलेटेक हेच इंजिन निवडावं लागतं. नुसतं फॉन्टचं नाव देऊन भागत नाही, फॉन्टच्या पर्यायांत 'स्क्रिप्ट = देवनागरी' असं लिहावंच लागतं (लुआलेटेकला वर रेंडरर, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, हार्फबझ हा सांगावा लागतो), नाहीतर 'कि'ची वेलांटी अक्षराच्या नंतर पडते आणि 'क्ष', 'त्र' हलन्त दाखवत सुटे सुटे उभे राहतात. पीडीएफ निघाली की मजकुरातलं जोडाक्षरांनी गच्च भरलेलं पान आधी डोळ्याखालून घाला, मुखपृष्ठ नंतर. आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा नोटो सेरिफ देवनागरी, दोन्ही फुकट आहेत आणि छापील पानाला शोभतात.

स्फिंक्स (पानं बनवणारं टूल) आणि रीड द डॉक्स (ती पानं ठेवणारी साईट) या जोडीचं नाव पण कुणीतरी सुचवेलच. भक्कम आहे, पायथनचं अधिकृत दस्तऐवजीकरण स्फिंक्सनेच बनतं, पण फुकटच्या रीड द डॉक्सवर जाहिराती दिसतात आणि देवनागरी मथळ्यांना 'आयडी वन' छापाच्या लिंका मिळतात, साध्या पुस्तकाला एवढा पसारा कशाला. गिटबुकचं जुनं, आपल्या मशीनवर चालणारं टूल कंपनीने कधीच सोडून दिलं, त्याचा हॉनकिट नावाचा फाटा आहे, पण नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

कुठलंही घेतलंत तरी पुस्तकाच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी, म्हणजे 'एमआर', असं भराच. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते लागतं आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात. वेबसाठी टिरो देवनागरी मराठी हा तर खास मराठी वळणाचाच फॉन्ट आहे.

आणि मजकूर जर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला जुना डीटीपीचा असेल तर टूल निवडायच्या आधी तो युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि अर्धी अक्षरं हमखास बिघडतात, तेव्हा मुद्रितशोधनाचा वेळ वेगळा काढून ठेवा, खरं काम तिथे आहे.

माझा कौल: पीडीएफ, ईपब किंवा वर्ड यातलं काहीही कधीतरी लागणार असेल तर पहिल्यापासून क्वार्टो, आणि सुरुवातीला फक्त वेबसाईट आणि ईपब चालू ठेवा, पीडीएफ मजकूर पक्का झाल्यावर. फक्त वेबवर वाचायचं असेल तर एमडीबुक आणि सोबत पेजफाइंड. एमकेडॉक्स संदर्भग्रंथ छापाच्या मजकुरालाच.

जागेचं टेन्शन नको, गिटहब पेजेसवर साईटला 1 जीबीपर्यंत जागा मिळते आणि नुसता मजकूर तेवढा कधीच भरत नाही, भरलाच तर फोटोंनी. फक्त फुकटच्या खात्यात पेजेस वापरायला रिपॉझिटरी (पुस्तकाच्या फाईलींचा गिटहबवरचा साठा) सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणजे तुमचे कच्चे खर्डे, खोडलेली वाक्यं, सगळा इतिहास कुणालाही बघता येतो. ते नको असेल तर क्लाउडफ्लेअर पेजेस बघा, तिथे खाजगी रिपॉझिटरी फुकटात चालते, महिन्याला 500 वेळा पुस्तक बनवता येतं, आणि एक फाईल 25 एमबीच्या आत ठेवावी लागते, त्यामुळे फोटोंनी भरलेली पीडीएफ तिथे चढणार नाही, ती ड्राइव्हवर ठेवून पुस्तकात लिंक द्या.